आधी ‘चुकलं’ म्हणायचं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, “वकीलबाई, एखादी गाजलेली केस लिहा. खूनबिन असला तर उत्तमच.” म्हटलं, अहो, माझ्या नशिबी खून कुठले? बिदरच्या कोर्टात माझे केस पिकले ते वाटण्या, बांध, पोटगी आणि भाडेकरू यांच्यापायी. आमच्याकडं साक्ष कन्नडमधून होते, निकाल इंग्रजीत येतो, भांडण मराठीत असतं आणि तडजोड दखनीत. या चार भाषांवर माझं घर चाललं. गाजलेलं काही नाही. एक हरलेली केस तेवढी मनात रुतून बसली आहे, ती सांगते. ज्यांना जिंकलेल्या केसेस वाचायच्यात त्यांनी खुशाल पान उलटावं, मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तुम्हाला कळणार नाही.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडं एका नव्या जातीचं भांडण यायला लागलं. मोबाइलमधल्या ॲपचं. पहिला आला तो गाणगापूरचा एक लॉजवाला. कुण्या भक्तानं त्याच्या लॉजला एकच चांदणी देऊन खाली लिहिलं होतं, ‘गीझर थंड, मालक गरम.’ लॉजवाल्यानं फोन माझ्या टेबलावर आपटला.

“अक्का, ह्या चांदणीवर स्टे आना.”

“लिहिणारा कोण?”

“त्येचं नाव न्हाई. ज्यानं ह्ये ॲप केलंय त्येलाच कोर्टात वडा.”

“त्यापेक्षा गीझर दुरुस्त करा की.”

“तुमी वकील हाव का प्लंबर?” म्हणत गडी तरातरा निघून गेला. मी दिवसभर हसत होते. पण एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. ॲप करणारा माणूस कुठंतरी एकटा बसलेला असतो, आणि राग आलेला जो तो आधी त्याच्याच दारात दगड घेऊन जातो.

मग कमठाण्याचा एक जण आला. जनावरांच्या लसीची आठवण करून देणारं ॲप त्यानं केलं होतं. शहरातल्या कुठल्याशा कंपनीची ‘आमची नक्कल केलीत’ म्हणून वकिली नोटीस आली, तर या बहाद्दरानं आधी ॲप पुसून टाकलं आणि मग मला विचारायला आला, “आता काय करू?” म्हटलं, “आता काय करतूस बाबा? मयत झाल्यावर डॉक्टर कामून बोलावतूस?” नोटीस वाचली तर तिच्यात काही दम नव्हता. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. वकिलाच्या कागदावर छापलेली ती एक धमकी असते, कधी खरी, कधी पोकळ. पण इंग्रजी जाडजूड असलं की आमच्या माणसांचे हातपाय गळतात.

कायदा तसा सरळ आहे. तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम तुमचा. तुमच्या ॲपचं नाव, चिन्ह तुमचं. पण ‘लसीची आठवण करून द्यावी’ ही कल्पना कुणा एकाची नसते. तुमच्याकडं सातबारा म्हणतात, आमच्याकडं पहाणी. तर कल्पनेची पहाणी कुणाच्या नावावर निघत नाही. एवढं कळलं की निम्मी नोटीस तिथंच गळून पडते. उरलेली निम्मी मात्र माणसाला खाते, आणि ती कशी खाते ते मला महानंदाच्या केसमध्ये कळलं.

महानंदा दुबलगुंडीची. हुमनाबादच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची, रोज गावाहून येऊन-जाऊन. हुमनाबादच्या स्टँडवर उभं राहिलं की तीन राज्यांच्या गाड्या दिसतात. आपल्या कर्नाटकाच्या, उदगीर-लातूरकडच्या महाराष्ट्राच्या, आणि जहिराबादकडून येणाऱ्या तेलंगणाच्या. पाट्या तीन लिप्यांत. एका राज्याच्या चौकशीच्या खिडकीवर दुसऱ्या राज्याची गाडी विचारली तर तो माणूस असा बघतो की जणू आपण त्याच्या सासरवाडीची चौकशी केली. महानंदाच्या वर्गातल्या पोरींचं अर्धं लक्ष घड्याळाकडं असायचं. गाडी चुकली तर घरी बोलणी, आणि चारदा चुकली तर कॉलेजच बंद.

म्हणून तिनं एकटीनं ‘गाडी कुठाय’ नावाचं ॲप केलं. गाडीत बसलेल्यानं बटण दाबायचं, की पुढच्या थांब्यावरच्यांना कळायचं गाडी कुठवर आली. वेळा तिनं स्टँडवर बसून, कंडक्टरांच्या मागं लागून गोळा केल्या. थांब्यांची नावं लोकांच्या तोंडातली ठेवली. चिंचेखाली. बंद जिनिंग. काळ्या मारुतीचं वळण. ती नावं कुठल्याच सरकारी पाटीवर नाहीत. वर्ष-दोन वर्षांत ॲप हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण करत पार उदगीरपर्यंत पोचलं. मीसुद्धा वापरायचे. माझी मोलकरीण वापरायची.

एके दिवशी महानंदा तिच्या वडलांना घेऊन माझ्या ऑफिसात आली. वडील शिवराजअप्पा. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. आत येतानाच दोन्ही हात जोडून लिंगायतांच्या रीतीनं “शरणार्थी, वकीलबाई” असा नमस्कार केला. दुबलगुंडीच्या मठाच्या कट्ट्यावर बसून भावाभावांची भांडणं मिटवणारा माणूस. त्यांनी मिटवलेलं भांडण सहसा कोर्टात येत नसे, म्हणजे आमच्या धंद्याचे ते वैरीच. मी तसं म्हणाले तर खूष होऊन हसले.

महानंदानं फोनवर आलेली नोटीस दाखवली. एका मोठ्या शहरातली तिकिटं विकणारी कंपनी. म्हणणं असं की तुमचे स्क्रीन आमच्यासारखे, तुमचं वेळापत्रक आमच्यावरून उतरवलेलं, आणि प्रवाशांकडून ठिकाण घेण्याची युक्तीही आमचीच. ॲप तात्काळ बंद करा, नाहीतर नुकसानभरपाई भरा.

“तू त्यांचं ॲप बघितलं होतंस का गं?”

“न्हाई ओ अक्का. नोटीस आल्यावर पयल्यांदा बघितलं. त्येच्यात आपल्या दुबलगुंडीची गाडीच न्हाई.”

मला बरं वाटलं. म्हटलं, घाबरू नकोस. गाडी किती वाजता सुटते ही बातमी आहे, तिला मालक नसतो. युक्तीचं तर तुम्हाला मघाशी सांगितलंच, तेच तिलाही सांगितलं. तेवढ्यात शिवराजअप्पा खाकरून म्हणाले, “त्ये मी मिटवलंय वकीलबाई. पोरगी उगंच भेयायली.”

“मिटवलंय? कुठं?”

“फोनवर.”

ॲपवर संपर्कासाठी नंबर द्यावा लागतो. बाईचा नंबर असा उघडा टाकला तर दिवसरात्र नको ते फोन येतात, म्हणून महानंदानं वडलांचा नंबर टाकला होता. आमच्याकडच्या दहांतल्या नऊ पोरी तेच करतील. कंपनीच्या माणसानं त्या नंबरवर फोन लावला. उचलला शिवराजअप्पांनी.

“मी म्हनलो, साब, हम छोटे लोगां हैं. आप बडे लोगां का देखकोच सीखे. पोट्टी से गलती हुई तो माफ करना. त्यो बी लई भला मानूस वो. अंकल अंकल करून बोलला. दोनदा इचारला, हमारा देखकेच किया ना अंकल? म्हनलं, हौ साब, आपकाच है सब. ‘ठीक है’ म्हनला. मिटलं.”

मी विचारलं, “अप्पा, फोन रेकॉर्ड होतोय असं काही म्हणाला का?”

“सुरवातीला येक बाई इंग्रजीत कायतर बोलली बगा. मला वाटलं कंपनीची जाहिरात.”

इथं थोडं थांबून आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भोळसट होता. तो भोळसट बिलकूल नव्हता. मठाच्या कट्ट्यावर भांडण बसलं की लहान असेल त्यानं आधी ‘चुकलं, पदरात घ्या’ म्हणायचं. चूक असो नसो. मग मोठ्यानं ‘जाऊ द्या’ म्हणायचं. मग चहा. खरं-खोटं काय ते चहानंतर. तोवर दोघांचा राग उतरलेला असतो. आणि कुणी कौतुक केलं तर ‘तुमचंच बघून शिकलो’ म्हणायचं हे तर शेंबड्या लेकरालाही ठाऊक. नवं घर बांधलं, बघायला आलेल्या शेजाऱ्यानं वाहवा केली, तरी मालक म्हणतो, “आपलंच हाय सगळं.” म्हणून शेजारी काही बिऱ्हाड घेऊन राहायला येत नाही. शिवराजअप्पांनी त्या फोनवर आयुष्यभर केलं तेच केलं. आधी ‘चुकलं’ म्हणाले, आणि पलीकडून ‘जाऊ द्या’ची वाट बघत बसले.

मी त्यांना रागावले नाही. पण महानंदाला तेवढं सांगितलं की आता आपण थांबायचं नाही. लहान माणसासाठी कायद्यात एक काठी ठेवलेली आहे. कुणी बिनबुडाची धमकी देत असेल तर आपणच आपल्या गावच्या कोर्टात जाऊन म्हणायचं, साहेब, ही धमकी पोकळ आहे असं जाहीर करा आणि यांना आवरा. फार थोड्या वकिलांना ही काठी आठवते. मला आठवली याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? बिदरला दावा लावला, कंपनीला समन्स गेलं. महानंदानं त्या दिवशी कोर्टासमोरच्या टपरीवर मला चहा पाजला आणि म्हणाली, “अक्का, आपली गाडी सुटली.”

सुटली खरी, पण घाटातच अडकली. त्या काठीला एक मेख आहे. धमकी देणाऱ्यानं वेळेत खरोखरचा दावा लावला, तर आपली काठी आपोआप मोडते. कंपनीनं लावला. कुठं? दिल्लीला. साधं भांडण असतं तर ज्याच्यावर दावा करायचा त्याच्या गावात जावं लागतं. कॉपीराइटच्या या कायद्यात मात्र दावा करणाऱ्याला आपल्या दारातच दावा लावायची सोय आहे. ती सोय केली होती गरीब लेखक-कलावंतांसाठी, की बाबांनो, चोराच्या मागं गावोगाव फिरू नका. आता त्या सोयीत कंपन्या पाय पसरून बसल्या आहेत. दुबलगुंडीच्या मास्तरणीला दिल्लीचं दार. कंपनीनं तिच्याबरोबर शिवराजअप्पांनाही प्रतिवादी केलं, कारण नंबर त्यांच्या नावावर होता.

हल्ली कोर्ट स्क्रीनवर भरतं, तेवढं तरी नशीब. तिथल्या एका ओळखीच्या वकिलाला सोबत घेतलं आणि मी माझ्या ऑफिसातूनच उभी राहिले. एका बाजूला महानंदा, दुसऱ्या बाजूला शिवराजअप्पा. अप्पांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. कोर्टापुढं जायचं म्हणून.

मी थांब्यांच्या नावांवर जोर दिला. चिंचेखाली, बंद जिनिंग. म्हटलं, ही नावं वादीच्या ॲपमध्ये दाखवा, मी आत्ता खाली बसते. न्यायाधीश शांत होते, ऐकून घेत होते, एकदा हसलेही. मला वाटलं जमतंय. मग कंपनीच्या वकिलानं परवानगी घेऊन तो फोन ऐकवला.

खोलीत अप्पांचा आवाज घुमला. ‘साब, हम छोटे लोगां हैं...’ मी अप्पांकडं बघितलं. ते खुर्चीत ताठ बसून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपलं चांगलं बोलणं इतक्या मोठ्या कोर्टात सगळ्यांना ऐकवायलेत, असं त्यांना वाटलं. माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, “आवाज स्वच्छ आलाय.” पुढचं सगळं इंग्रजीत होतं. तुमचंच बघून केलं, सगळं तुमचंच आहे, चूक झाली, अशी तीन वाक्यं त्या वकिलानं तीन बोटांवर मोजून वाचली. माझ्या आयुष्यात मला इतकं लाजिरवाणं कधी वाटलं नाही. लाज अप्पांची नव्हती. ज्या भाषेत हे वाचलं जात होतं त्या भाषेत त्यांच्या हात जोडण्याला शब्द नव्हता, आणि तो शब्द तयार करून द्यायचं काम माझं होतं, ते मला जमत नव्हतं. मी रीत सांगितली, कट्टा सांगितला, चहासुद्धा सांगितला. न्यायाधीश म्हणाले, मॅडम, हे तुमचं म्हणणं झालं, ते गृहस्थ स्वतः तसं शपथेवर सांगतील का?

तोवर तात्पुरती मनाई झाली. फोनवरच्या ॲपच्या दुकानातून ते उतरलं. ज्यांच्या फोनमध्ये होतं त्यांच्याही फोनवर नुसतं चाक फिरत राहिलं.

शपथपत्र मी स्वतः लिहिलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं की, ‘सदर उद्गार मी केवळ रिवाज म्हणून काढले, ते वस्तुस्थितीला धरून नाहीत.’ आधी इंग्रजीत लिहून मग अप्पांना मराठीत समजावून सांगितलं. 

“म्हंजे मी खोटं बोललो असं लिवायलाव तुमी.”

“खोटं नव्हे अप्पा. रिवाज म्हणून बोललो, असं.”

“आन् ‘धरून न्हाई’ म्हंजे काय? खोटंच की.”

“अप्पा, ते काढलं तर शपथपत्राचा उपयोग नाही.”

“वकीलबाई, आमच्या भावकीत वाटेचं भांडन लागलं तवा मी असंच हात जोडून चुकलं म्हनलो. चूक समोरच्याची होती. त्यानं माझ्या शब्दावर वाट सोडली. उद्या त्यो म्हनंल, तुजं चुकलं तवाबी वरवरचंच होतं की काय? मग मी काय सांगू?”

महानंदा खाली मान घालून बसली होती. तिनं वडलांना एका शब्दानं गळ घातली नाही. फक्त म्हणाली, “अप्पा, मी कुनाचं बगून केलं न्हाई. येवढंच खरं हाय.” अप्पांनी तिच्याकडं बघितलं, आणि पेन मागितलं. सही कन्नडमध्ये केली. अक्षर वळणदार आलं. मला त्या क्षणी आपला धंदा सोडून द्यावासा वाटला. सोडला नाही, दुसऱ्या दिवशी पोटगीची तारीख होती.

शपथपत्राचा काय उपयोग झाला ते ऐका. पुढच्या तारखेला कंपनीचा वकील गोड आवाजात म्हणाला, प्रतिवादी क्रमांक दोन आता म्हणतात की ते रिवाज म्हणून असत्य बोलतात. मग त्यांचं फोनवरचं बोलणं असत्य, की शपथेवरचं? ठरवायला पूर्ण पुरावा व्हावा लागेल. तोपर्यंत मनाई कायम ठेवावी. ती राहिली. न्यायाधीशांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्यापुढं दोन कागद होते आणि दोन्हींवर एकाच माणसाचं नाव होतं.

हल्ली कोर्टाचे हुकूम कुणालाही फोनवर वाचता येतात. दुबलगुंडीच्या कुणीतरी तो काढला, कुणीतरी त्याचं कन्नडमध्ये भाषांतर केलं आणि ते गावच्या ग्रुपवर फिरलं. पुढच्या महिन्यात कट्ट्यावर दोन भावांचं विहिरीचं भांडण बसलं. अप्पा नेहमीसारखे गेले. धाकट्याला म्हणाले, आधी चुकलं म्हन. धाकटा म्हणाला, “कामून म्हनू? तुमीच कोर्टात लिवून दिलाव की, चुकलं म्हनलेलं खरं नसतंय.” कुणी हसलं नाही म्हणे. हसले असते तर बरं झालं असतं. अप्पा उठले, वहाणा घातल्या आणि घरी आले. त्यानंतर ते कट्ट्यावर गेले नाहीत. ते विहिरीचं भांडण पुढं माझ्याकडंच आलं. मी घेतलं नाही. मन झालं नाही.

हे मला महानंदानं सांगितलं. ती ऑफिसात येऊन बसली आणि तिनं विचारलं, “अक्का, आपुन जिंकू का?”

“जिंकू,” मी म्हणाले. आणि आजही माझं तेच मत आहे. पुरावा झाला असता, कंडक्टर साक्षीला आले असते, थांब्यांची नावं आली असती, तर आम्ही जिंकलो असतो.

“कवा?”

 लहान ॲपवाल्यांना कायद्याचं संरक्षण आहे का, असं मला कुणी भाषणाला बोलावून विचारलं तर मी सांगेन, आहे, चांगलं भक्कम आहे, फक्त ते केस संपल्यावर मिळतं. तोवर तुमच्या कॉलेजचा संचालक विचारतो, बाई, तुमच्यावर चोरीची केस चालू आहे म्हणे? तोवर घरातला माणूस जेवायचा कमी होतो. महानंदा म्हणाली, “अप्पा आता घरातबी कुनासंगं बोलनात. पानी पायजे का इचारलं तर मान हालवतेत. मला ॲप नको अक्का. मला माजे अप्पा बोलायला पायजेत.”

तडजोड झाली. कंपनीला भरपाईत रस नव्हताच. अटी अशा की ॲप कायमचं बंद, प्रोग्रॅम पुसून टाकायचा, पुन्हा असं काही करायचं नाही, आणि ‘गाड्यांच्या वेळा व ठिकाणं कोणत्याही साधनानं लोकांना पुरवणार नाही’ असं बापलेक दोघांनीही लिहून द्यायचं. त्या शेवटच्या कलमावर मी त्यांच्या वकिलाशी कडाकडा भांडले. म्हटलं, कोणत्याही साधनानं म्हणजे काय? तो म्हणाला, मॅडम, हा आमचा छापील मजकूर आहे, सगळ्यांना हाच असतो. महानंदा म्हणाली, राहू द्या अक्का, कशाला लांबवताव?

सह्या माझ्या ऑफिसात झाल्या. महानंदानं लॅपटॉप सोबत आणला होता. माझ्यासमोर तिनं सगळं पुसलं. त्यातली थांब्यांची यादी पुसायच्या आधी एकदा वरपासून खालपर्यंत बघितली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि पक्षकारासमोर वकिलानं रडू नये असं मला माझ्या सीनियरनी शिकवलं होतं.

त्यांना सोडायला मी बिदरच्या स्टँडवर गेले. एरवी मी कुठल्या पक्षकाराला पोचवायला जात नाही. दुपारचं ऊन होतं, आम्ही तिघं शेडखाली बाकावर बसलो. महानंदा पाण्याची बाटली आणायला गेली. तेवढ्यात डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी शिवराजअप्पांसमोर येऊन उभी राहिली. विभूती लावलेला, वडीलधारा माणूस दिसला, म्हणून त्यांनाच विचारलं.

“अप्पा, बसवकल्यानची गाडी गेली का वो?”

अप्पांना ठाऊक होतं. गाडी पलीकडच्या फलाटावर लागलेली होती, आम्ही येतानाच बघितली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्याकडं वळले.

“वकीलबाई, सांगू का?”

“सांगा की अप्पा. त्याला काय होतंय?”

“कुटल्याबी साधनानं न्हाई म्हनून लिवलंय. तोंड चालतंय का?”

“चालतं अप्पा. तोंडाला कोण अडवतंय?”

म्हातारी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.  अप्पा थट्टा करत नव्हते. दोन्ही हात जोडून, अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, “तसं लिवून देताव का?”